दुसऱ्या कंपनीची गाडी

मागचं दार उघडं होतं आणि तात्या गाडीत नव्हते. चार्जिंगच्या मशीनसमोर उभी राहून सुमंगला मघापासून फोनवर आलेला नंबर तिच्या पडद्यावरच्या चौकोनांत भरत होती. नंबर भरेपर्यंत वेळ संपायची, मशीनवरचा दिवा लाल व्हायचा, पुन्हा नवा नंबर यायचा. एकदाचा तो भरून झाल्यावर तिनं सहज मागं पाहिलं. सीटवर त्यांची तपकिरी शाल पडली होती. ते बसले होते तिथं गादीला अजून खळगा होता आणि धार शहरातल्या दुपारचा पांढरा उजेड उघड्या दारातून सरळ आत आला होता. पहिल्या क्षणी तिला जे वाटलं ते भय नव्हतं. अंगावरचं ओलं, जड कांबळं कोणीतरी अलगद उचलून न्यावं तसं वाटलं. एकच क्षण. मग समोरच्या इंदूर रोडवरून एक ट्रक हॉर्न वाजवत गेला. फोन तसाच मशीनवर टाकून ती रस्त्याकडे धावली.

रस्त्याच्या कडेला उभं राहून तिनं दोन्ही बाजूंना पाहिलं. लसणाच्या गोण्यांनी लादलेली ट्रॉली, मोटरसायकली, पलीकडे उसाच्या रसाचं बंद गुऱ्हाळ. पायजमा आणि करड्या स्वेटरातला, किंचित डावीकडे झुकून चालणारा म्हातारा कुठंच नव्हता. ट्रकखाली, असा शब्द मनात आला आणि तिनं तो पुरता होऊ दिला नाही. दार आपणच उघडं ठेवलं होतं. घाट चढून येताना बॅटरी वाचवायची म्हणून तिनं एसी बंद केला होता, काचा वर होत्या, तात्यांच्या कपाळावर जानेवारीतही घाम आला होता. गाडी थांबवल्यावर त्यांना जरा वारा लागू दे म्हणून तिनं मागचं लॉक काढलं. मनावर गावाहून निघताना मुद्दाम लावलेलं ते लॉक. लहान मुलांसाठी असतं ते. ते लावताना तात्यांनी तिच्याकडे पाहिलं होतं आणि सभ्यपणे विचारलं होतं, "बाई, आपण हे काय करता आहात?"

बाई. आपण. तिला हे गेल्या पावसाळ्यापासून ऐकावं लागत होतं. आधी नाव गेलं, मग नातं, आणि आता 'तू'सुद्धा गेलं होतं. तात्या पाटबंधारे खात्यात सब-इंजिनिअर होते. अख्खी नोकरी निमाडात कालव्यांच्या कडेनं झाली आणि निवृत्तीनंतर ते मनावरलाच राहिले. आई गेल्यावर मालनबाई त्यांचं स्वयंपाकपाणी करून तिथंच झोपायच्या. मागच्या महिन्यात तात्यांनी गॅस पेटवून त्याच्यावर प्लॅस्टिकची बादली ठेवली, अंघोळीचं पाणी तापवायला. स्वयंपाकघराची भिंत काळी झाली, मालनबाईंचा हात पोळला, आणि त्या आपल्या मुलाकडे कुक्षीला निघून गेल्या त्या परत आल्या नाहीत; तेव्हापासून शेजारचेच जमेल तसं बघत होते. सुमंगला देवासला एका औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होती, एकटीच राहायची. पावसाळ्यात तिनं तात्यांना आपल्याकडे आणून पाहिलं होतं. ड्यूटीवर जाताना बाहेरून कुलूप. दिवसभर ते आतून दार वाजवत राहायचे. शेजारची अनन्या फोन करायची, "दीदी, अंकल फिर चिल्ला रहे हैं, बच्चे डर रहे हैं." सुमंगला हातातली काचेची नळी तशीच धरून तो फोन ऐकायची. तेव्हाच तिनं भोपाळ रोडवरची ती म्हाताऱ्यांना ठेवून घेणारी जागा पाहून ठेवली होती. स्वच्छ होती. खिडक्यांना जाळ्या होत्या. रात्री माणूस जागा असायचा. तिनं तात्यांना तसं काही सांगितलं नाही. "चार दिवस माझ्याकडे चला," एवढंच म्हणाली. त्यांनी विचारलं, "आपल्याकडे म्हणजे कोणाकडे?"

मनावरच्या घरी रात्री गाडी साध्या प्लगला लावून ठेवली होती. पहाटे पाहिलं तर वीज मधेच गेलेली आणि बॅटरी जेमतेम भरलेली. धारपर्यंत जाऊ, तिथं आपल्या गाडीच्या कंपनीचं मशीन आहे, असा तिचा हिशेब होता. पण निमाडातून वर माळव्यावर यायचा घाट बॅटरी खात गेला. आकडा उतरत होता, आणि मागून तात्या परत परत विचारत होते, "बाई, आपण पोचलो का? कुठं पोचायचंय?" धारला ते मशीन बंद होतं, त्याच्यावर कापड बांधलेलं होतं. वॉचमननं नुसता हात हलवला. मग फोननं हे दाखवलं, दुसऱ्या कंपनीचं शोरूम, तिथलं जलद मशीन. बाहेरच्या गाड्यांना चालतं, पण ॲप त्यांचं घ्या, नाव घाला, नंबर घाला, आणि त्यांच्या स्वतःच्या गिऱ्हाईकाची गाडी आली तर आधी ती. देवास अजून लांब होतं. दुसरा मार्ग नव्हता.

"मॅडम!" शोरूमचा गार्ड मागून ओरडला. "मॅडम, इधर हैं दादाजी. इधर."

मशीनच्या पलीकडे एक मोठी पांढरी गाडी उभी होती. त्याच कंपनीची, नवी, नंबर प्लेटवर अजून हार. पुढच्या सीटवर, ड्रायव्हरच्या शेजारी, तात्या बसले होते. त्यांच्या मांडीवर स्टीलच्या डब्याचं झाकण होतं, झाकणात मेथीची पुरी, आणि ते खात होते. सुमंगला काचेपाशी येऊन थांबली. धाप लागली होती. तरी तिला आधी तेच दिसलं, ते खाताहेत. काल संध्याकाळपासून तिच्या हातचा एक घास त्यांनी घेतला नव्हता. भाताचं ताट नाकाशी नेऊन वास घेत आणि परत देत. "यात काय घातलंत?" असं हळू आवाजात विचारत, तिला दुखवायचं नाही अशा बेतानं. आणि आता त्यांची हनुवटी तेलानं चमकत होती, ते लोणच्याची फोड बोटानं पुरीवर पसरत होते.

स्टीअरिंगपाशी पस्तिशीतली एक बाई होती, मोहरीच्या रंगाचा स्वेटर घातलेली. तिनं काच खाली केली. "ये आपके साथ हैं? मैं डब्बा खोल रही थी, ये सीधे आ के बैठ गए. बोले, मंगल, केव्हाची भूक लागलीये. तो मैंने दे दिया."

मंगल. ते नाव फक्त तात्या आणि आई घ्यायचे. बाकी सगळ्यांना ती सुमंगला होती, कारखान्यात सुमंगला मॅडम. आई गेल्यापासून ते एकाच तोंडात उरलं होतं आणि त्या तोंडातून ते कितीतरी महिन्यांत बाहेर पडलं नव्हतं. सुमंगलाला वाटलं होतं, तेही पुसलं गेलं असणार. पण ते होतं. आत नीट जपून ठेवलेलं होतं, आणि आता त्यांनी ते बाहेर काढून दुसऱ्या कोणाला दिलं होतं.

"तुम्ही मराठी आहात?" तिनं विचारलं. दुसरं काही सुचलं नाही.

"हो. म्हणजे, आजी बोलायची घरात. मला समजते सगळं, बोलायला नीट जमत नाही." ती बाई ओशाळून हसली. "अमझेरा के हैं हम. प्रियांका."

"मंगल," तात्या प्रियांकाच्या दंडाला हात लावून म्हणाले, "ही बघ, आली ती बाई."

सुमंगलानं दाराच्या कडीला हात घातला तशी तात्यांनी आतून दार ओढून धरलं. जोरात नाही. पाहुण्यांदेखत ओढाताण बरी दिसत नाही अशा रीतीनं. तिनं हात काढून घेतला.

गार्ड बोलवत होता. मशीननं नंबर घेतला होता, पण पुढं काही होत नव्हतं. "ये आपकी गाडी को पहचान नहीं रहा," तो म्हणाला. "दूसरी कंपनी की है ना, कभी-कभी करता है. निकाल के फिर लगाओ." तिनं ती जाड केबल ओढून काढली, पुन्हा बसवली. केबल अजगरासारखी जड होती आणि गाडीच्या तोंडापर्यंत कशीबशी पोचत होती. तिला ती गुडघ्यानं रेटून धरावी लागली. दिवा लाल झाला, मग बराच वेळ नुसता लुकलुकला, मग हिरवा झाला. मशीनमधला पंखा घरघरायला लागला. गार्डनं पांढऱ्या गाडीकडे पाहिलं आणि मान खाजवली. "मॅडम, वैसे अब नंबर इनका है. कंपनी की गाडी आ जाए तो पहले उनको देना पडता है. मेरे को बोल के रखा है ऊपर से."

"रहने दो भिया," प्रियांका काचेतून म्हणाली. "इनका होने दो. मेरे में बहुत है, मैं तो खाने रुकी थी."

सुमंगलानं तिच्याकडे पाहून मान हलवली. ती पांढऱ्या गाडीच्या मागच्या चाकापाशी, उन्हात, पत्र्याला टेकून उभी राहिली. काच अर्धी खाली होती. तात्यांचा आवाज स्पष्ट येत होता, खणखणीत, कालव्यावर मजुरांना सूचना देतानाचा आवाज. हाही तिनं कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. तिच्याशी ते हल्ली ऑफिसातल्या अनोळखी माणसाशी बोलावं तसं दबकून बोलत.

"किती वाळलीस गं," ते म्हणत होते. "देवासचं पाणी मानवत नाही तुला. मी तुझ्या आईला, सुभद्रेला म्हटलं होतं, तिकडे सगळे कारखाने, धूर, पोरगी कशी राहील? पण तू कुठं ऐकतेस."

"हो ना," प्रियांका म्हणाली.

"तू गेलीस ना नोकरीला, पहिल्यांदा, त्या दिवशी मी घरी आलोच नाही लवकर. तुला बसमध्ये बसवलं आणि सरळ कालव्यावर गेलो. पाणी सोडलेलं होतं. काठावर बसून राहिलो. अंधार पडल्यावर चौकीदार बघायला आला, साहेब, काही झालं का? म्हटलं, काही नाही रे, पाण्याची पातळी बघतोय." तात्या हसले. "पातळी! घरी सुभद्रा रागावली. तिला सांगितलं नाही मी. कोणाला सांगितलं नाही."

सुमंगलाचे दोन्ही तळवे गाडीच्या तापलेल्या पत्र्यावर होते. ती सकाळ तिला वेगळी आठवत होती. मनावरचा बसस्टँड, केळीची सालं, तिच्या पायाशी नवी ट्रंक. तात्यांनी ट्रंक टपावर चढवून दिली, म्हणाले, "पोचल्यावर कळव," आणि बस सुटायच्या आधीच पाठ फिरवून चालू लागले. खिडकीतून तिनं ती पाठ पाहिली होती. आत्ताही दिसत होती ती, खांदे किंचित डावीकडे झुकलेले, हात मागं बांधलेले. त्या पाठीवर तिनं पुढं किती काय काय रचलं होतं. मुलगी गेली याचं त्यांना काही नाही. मुलगा असता तर थांबले असते. तिनं लग्न नको म्हटलं तेव्हा त्यांनी हं म्हणून पेपर वर धरला, तेव्हाही तिला ती पाठच दिसली. आई गेल्यावर ती पंधरा-पंधरा दिवस मनावरला गेली नाही, मालनबाईंना फोन करून विचारायची, तेव्हाही मनात कुठंतरी तीच पाठ होती. आणि ती पाठ कालव्यावर गेली होती, पाण्याकडे तोंड करून बसली होती, अंधार पडेपर्यंत. हे त्यांनी आयुष्यभर कोणाला सांगितलं नव्हतं. आज सांगितलं, मंगलला सांगितलं, आणि मंगल इथं चाकापाशी उभी होती.

तिनं स्वतःची समजूत घालून पाहिली. ते आपल्याला विसरलेले नाहीत. त्यांना फक्त ती पस्तिशीची मंगल हवी आहे, काळ्या केसांची, सणासुदीला मनावरला येऊन चार दिवस राहणारी. ही पन्नाशीची, चष्म्याची, दाराला कुलूप लावणारी बाई त्यांना माहीतच नाही. खरंच कुठं माहीत आहे? पण ही समजूत टिकली नाही. प्रियांकानं आपल्या ओढणीच्या टोकानं तात्यांची हनुवटी पुसली आणि त्यांनी ती पुसू दिली, मान वर करून, डोळे मिटून. सुमंगलाला आठवेना, आपण कधी असं केलं होतं का. केलं असतं तर त्यांनी पुसू दिली असती का? तिला त्या बाईचा राग आला. अगदी साधा, पोटातला राग. आणि तिच्याशिवाय आपलं चालणार नाही, हेही त्याच वेळी कळलं.

"मंगल," तात्यांचा आवाज खाली आला, तरी ऐकू येत होता. "ती बाई बाहेर उभी आहे ना, ती मला कुठंतरी नेऊन टाकणार आहे. बोलते गोड. पण तिच्या मनात काहीतरी आहे. मला कळतं. माझं डोकं सगळंच गेलेलं नाही."

मग गाडीचं दार उघडलं, प्रियांका बाहेर आली, दार हलकेच लावून सुमंगलापाशी आली. तिच्या बोटांना लोणच्याचं तेल लागलं होतं, ती बोटं अंगापासून दूर धरून ती उभी राहिली.

"कहां ले जा रही हैं आप इनको?"

घरी, असं म्हणता आलं असतं. घरीच, देवासला. अर्धं खरंही होतं. पण तिच्यानं खोटं बोलवेना. मनावरपासून तिनं 'माझ्याकडे चला' हे एकच वाक्य इतक्यांदा म्हटलं होतं की आता ते तोंडात वळत नव्हतं.

"देवासला. वृद्धाश्रमात ठेवायचंय."

"उनको पता है?"

"नाही."

"और आप कौन हैं इनकी? वो तो बोल रहे हैं, जानते नहीं."

"मी मंगल," सुमंगला म्हणाली. "त्यांची मुलगी. मंगल मीच आहे."

प्रियांकाचा चेहरा आधी तसाच राहिला. मग तिनं गाडीकडे पाहिलं, काचेमागच्या त्या पांढऱ्या डोक्याकडे, आणि तिचे तेलकट हात खाली आले. "हे भगवान," ती म्हणाली. "मुझे लगा कोई बेटी होगी कहीं दूर. मी नुसतं हो-हो म्हटलं. बुजुर्ग हैं, मन रख लूं." मग तिनं विचारलं, "आप सुन रही थीं सब?"

"हो."

म्हाताऱ्या बापाला असं सोडतात का, असं आता प्रियांका विचारेल म्हणून सुमंगला वाट पाहत राहिली. बादली, गॅस, कुलूप, शेजारची मुलं, सगळी उत्तरं तयार होती, कितीतरी रात्री घोकलेली. पण तिनं विचारलंच नाही, आणि ती उत्तरं तशीच आत पडून राहिली.

मशीनचा पंखा मंदावला. देवास गाठण्यापुरती बॅटरी भरली होती. गार्डनं केबल काढून गुंडाळली आणि आता चला, असं दोघींकडे पाहून सुचवलं. मागं अजून एक गाडी येऊन उभी होती. सुमंगला पांढऱ्या गाडीपाशी गेली, तिनं दार उघडलं. "तात्या, निघू या."

"आपण निघा," ते म्हणाले. "मी मंगलबरोबर जाईन."

"तात्या, उशीर होतोय."

त्यांनी समोरच्या डॅशबोर्डच्या फळीची कड दोन्ही हातांनी धरली. तिनं मनगटाला हात लावला. मनगट नुसतं हाड होतं, आणि त्या हाडात कुठून एवढी ताकद आली कोण जाणे. गार्ड मदतीला आला. "चलो दादाजी, चलो, बेटी बुला रही है," म्हणत त्यानं त्यांच्या काखेत हात घातला, आणि तात्या ओरडले. तिनं आयुष्यात त्यांचा तसा आवाज ऐकला नव्हता. "मंगल! मला हिच्या ताब्यात देऊ नकोस! मंगल!" शोरूमच्या काचेमागं टाय लावलेली दोन पोरं येऊन उभी राहिली. मागच्या गाडीतला माणूस उतरून फोन वर धरून पाहायला लागला. तात्यांचा पायजमा ओला झाला होता. नव्या गाडीच्या फिक्या सीटवर तो डाग पसरत चालला होता, आणि ते त्यांनाही कळलं होतं. कारण त्यांनी स्वेटर खाली ओढून तो झाकायचा प्रयत्न केला.

"छोडो उनको," प्रियांका गार्डला म्हणाली. "छोडो!"

सुमंगला तिच्याजवळ गेली. अगदी जवळ, कोणाला ऐकू जाऊ नये इतकी. "तुम्ही सांगा," ती म्हणाली. "तुमचं ऐकतील."

"मी काय सांगू?"

"म्हणावं, या बाईबरोबर जा."

प्रियांकानं तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत तिरस्कार नव्हता, दयाही नव्हती. आपल्याला कुठल्या कामाला लावलं जातंय हे समजलेल्या माणसाची ती नजर होती. मग ती दारापाशी जाऊन, त्या ओल्या सीटपाशी, उकिडवी बसली. तात्यांचे हात तिनं फळीवरून एकेक बोट करून सोडवले आणि आपल्या हातात घेतले.

"तात्या," ती म्हणाली. शब्द शोधत, आजीच्या बोलण्याच्या कुठल्या तरी कोपऱ्यातून एकेक उचलत. "या बाईंच्या सोबत जा. त्या चांगल्या आहेत."

"तू ओळखतेस यांना?"

"हो. मी ओळखते."

"मग तू?"

"मला... मला काम आहे थोडं."

"तुला नेहमीच काम," तात्या म्हणाले, पण रागावून नाही. "उद्या येशील?"

प्रियांकानं मान वळवून सुमंगलाकडे पाहिलं. सुमंगलानं मान हलवली. एकदाच, खाली.

"उद्या येते," प्रियांका म्हणाली.

तात्या उठले. स्वेटर पुढून ओढून धरत ते खाली उतरले, त्यांनी प्रियांकाच्या डोक्यावर हात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि कोणी न धरता सुमंगलाच्या छोट्या गाडीपर्यंत चालत जाऊन मागं बसले. शाल उचलून मांडीवर घेतली. सुमंगलानं दार लावलं. लॉक लावायचं की नाही यावर तिचा हात क्षणभर अडला, मग तिनं ते लावलं.

ती परत वळली तर प्रियांका सीट पुसत होती, पाठमोरी. "माझ्याकडून काय बोलवून घेतलंत तुम्ही," ती न वळता म्हणाली, आणि मग मराठी अपुरं पडलं तिला. "अब कल कौन जाएगा?"

"मी जाईन. रोज जाणार आहे मी."

"आप तो जाएंगी. पर वो रास्ता किसका देखेंगे?"

सीट धुवून देते, असं काहीतरी सुमंगला म्हणाली. प्रियांकानं नुसता हात हलवला, राहू दे असा, किंवा जा असा.

इंदूरच्या बायपासवर ऊन उतरायला लागलं. तात्या खिडकीतून गव्हाची शेतं पाहत शांत बसले होते. भाड्याच्या गाडीत बसलेला माणूस जितपत बोलेल तितपत बोलत होते. "रस्ता चांगला केलाय." "आपण रोज येता का या बाजूला?" एकदा ते म्हणाले, "माझी मुलगी देवासला असते. मोठ्या कारखान्यात." "हो का," ती म्हणाली. तिला वाटलं, आता सांगावं. गाडी बाजूला घ्यावी, मागं जाऊन त्यांच्यासमोर बसावं, चष्मा काढावा, म्हणावं, तात्या, त्या दिवशी कालव्यावर तुम्ही अंधार पडेपर्यंत बसला होतात ना, मला माहीत आहे. पण ते विचारतील, बाई, आपल्याला कसं माहीत? आणि त्यांच्या डोळ्यांत तो संशय येईल, ताटाचा वास घेतानाचा. मंगलनं ज्या बाईच्या हवाली केलं ती बाई चांगली आहे, एवढ्याच भरवशावर ते शांत बसले होते. तो भरवसा मोडायची तिला भीती वाटली. ती गाडी चालवत राहिली. देवासची टेकडी दिसायला लागली तेव्हा ते झोपले होते, तोंड उघडं, शाल गळ्यापर्यंत. तिच्या कॉलनीचा फाटा आला. तिनं वेग कमी केला, मागच्यानं हॉर्न दिला, आणि ती सरळ भोपाळ रोडला लागली.

तिथं काही झालं नाही. ते ओरडले नाहीत, कशाला धरून बसले नाहीत. तिथल्या माणसानं हात दिला, त्यांनी तो घेतला. त्यांना कोरडे कपडे घातले, पलंग दाखवला. निघताना सुमंगला वाकून नमस्कार करायला गेली तर ते संकोचून मागं सरले. "अहो, हे काय. आपण एवढ्या लांबून आणलंत. आपलेच उपकार." घरी आल्यावर तिनं पावसाळ्यात तात्यांसाठी आणलेलं दाराचं बाहेरचं कुलूप काढलं आणि ते हातात घेऊन बराच वेळ उभी राहिली. आता ते कुठं ठेवायचं, हे तिला कळेना.

दुसऱ्या दिवशी तिनं अर्धी रजा घेतली, मुगाची खिचडी केली, वर तूप घातलं, आणि डबा घेऊन गेली. तिथली सुमती नावाची आया फाटकाशीच भेटली. "सुबह से कुर्सी डाल के यहीं बैठे हैं," ती म्हणाली. "न चाय, न नाश्ता. बोलते हैं बेटी आएगी. अच्छा हुआ आप आ गईं."

तात्या खुर्चीत ताठ बसले होते. केस पाणी लावून विंचरलेले, स्वेटराची वरपर्यंत सगळी बटणं लावलेली. कोणाकडे पाहुणे म्हणून जाताना ते लावत तशी. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मागं पाहिलं, फाटकाबाहेर, रस्त्यापर्यंत.

"बाई, आपण एकट्याच? मंगल नाही आली?"

रस्त्यावरून एक बस गेली. तिची धूळ खाली बसली. मग सुमंगला त्यांच्या खुर्चीशेजारी, पायरीवर बसली आणि तिनं मांडीवर डबा उघडला.

"तिनं मला पाठवलंय," ती म्हणाली. "हे तिनं केलंय तुमच्यासाठी."

तात्यांनी डब्यात वाकून पाहिलं. वास घेतला नाही. हात पुढं केला, पण तोवर तिनं चमचा उचलून त्यांच्या तोंडाशी नेला. त्यांनी तोंड उघडलं. हळूहळू चावत त्यांनी घास गिळला आणि डोळे मिटून घेतले.

"तिच्याच हातचं आहे," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, काळजीच्या, हळू आवाजात त्यांनी विचारलं, "बरी आहे ना ती?"

"बरी आहे," सुमंगला म्हणाली आणि तिनं पुढचा घास केला.